ब्रुकनरची आठवी सिंफनी: एक नकार आणि त्यानंतरची पाच वर्षं

हे प्रकरण का निवडलं

फसलेल्या पहिल्या प्रयोगांच्या गोष्टी पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात खंडीभर आहेत. श्रोते उठून गेले, समीक्षकांनी सालटी काढली, संगीतकार खचला, पन्नास वर्षांनी जग शहाणं झालं, असा त्यांचा ठरलेला साचा. ऑस्ट्रियन संगीतकार अँटन ब्रुकनरच्या आठव्या सिंफनीचं (वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या, अनेक भागांच्या रचनेचं) प्रकरण या साच्यात बसत नाही. इथे नकार देणारा माणूस विरोधी गटातला नव्हता, तर संगीतकाराचा सगळ्यात भरवशाचा पाठीराखा होता. नकार एका खाजगी पत्रातून आला, त्याचा बाहेर गाजावाजा झाला नाही. आणि नकारानंतर जी दुरुस्ती झाली तिने कृती काही जागी निर्विवाद उंचावली.

म्हणजे सगळं भल्यासाठीच झालं का? मला तसं वाटत नाही. या व्यवहाराची किंमत मोजली गेली, फक्त ती आठवीच्या खात्यावर पडली नाही. ती नवव्या सिंफनीने भरली. ते कसं, हे तारखा आणि निर्णय समोर ठेवून पाहू.

पार्श्वभूमी

ब्रुकनर १८२४ साली अप्पर ऑस्ट्रियातल्या आन्सफेल्डन या गावी शाळामास्तराच्या घरी जन्मला. वडील लवकर गेले, मुलगा सेंट फ्लोरियानच्या मठात गायक-विद्यार्थी म्हणून राहिला. पुढे तो स्वतःही मास्तर झाला, मग लिंझच्या कॅथेड्रलचा ऑर्गनवादक. तिशी उलटल्यावर त्याने व्हिएन्नाच्या सिमोन झेख्टरकडे हार्मनी आणि काउंटरपॉइंटची शिकवणी लावली, तीही बरीचशी टपालाने, आणि सहा वर्षं नेटाने पुरी केली. परीक्षा, प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं यांचा त्याला सोस होता. अधिकाराच्या जागी बसलेल्या कोणीतरी ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय त्याचा स्वतःच्या कामावर पुरता विश्वास बसत नसे. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी हा स्वभाव आहे.

१८६८ मध्ये तो व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला आला. शहरात तेव्हा दोन तट होते. एकीकडे संगीतकार ब्राम्स आणि त्याची बाजू घेणारा वजनदार समीक्षक एडुआर्ड हान्सलिक, दुसरीकडे ऑपेरा लिहिणाऱ्या वागनरचे भक्त. ब्रुकनरने आपली तिसरी सिंफनी वागनरला अर्पण केली आणि कळत-नकळत एका तटावर जाऊन उभा राहिला. १६ डिसेंबर १८७७ ला तिचा प्रयोग झाला. ती वाजवणार होता तो योहान हेर्बेक आधीच वारल्यामुळे ब्रुकनरने स्वतः काठी हातात घेतली. संचालनात त्याला गती बेताचीच. शेवट येईपर्यंत सभागृह जवळपास रिकामं झालं होतं. उरलेल्या मूठभरांत पुढे स्वतः मोठा संगीतकार झालेला सतरा वर्षांचा गुस्ताव माहलर होता.

खरं यश मिळायला साठी गाठावी लागली. सातवी सिंफनी ३० डिसेंबर १८८४ ला लाइपझिगमध्ये आर्थर निकिशने वाजवली आणि १० मार्च १८८५ ला म्युनिकमध्ये हर्मान लेव्हीने. म्युनिकचा प्रयोग म्हणजे ब्रुकनरच्या आयुष्यातला सुवर्णदिन. लेव्ही तिथल्या दरबारी ऑपेराचा संचालक होता. १८८२ साली बायरॉइटला वागनरचा ‘पार्सिफाल’ पहिल्यांदा सादर झाला तो त्याच्याच हाताखाली. सिंफनीच्या दुसऱ्या दिवशी म्युनिकमध्ये ‘वाल्क्यूर’चा प्रयोग होता. तो संपून प्रेक्षक बाहेर पडल्यावर लेव्हीने वागनर ट्यूबा (हॉर्नच्या जातीचं पितळी वाद्य) वाजवणाऱ्यांना थांबवून घेतलं आणि सातवीच्या अडाजिओमधला (संथ भागातला) वागनरच्या स्मृतीचा तो शोकमय तुकडा ब्रुकनरसाठी तीनदा वाजवून घेतला. सातवीचं अर्पण बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने स्वीकारावं म्हणूनही खटपट त्याचीच. ब्रुकनर त्याला आपला ‘कलेतला पिता’ म्हणू लागला. वयाने लेव्ही त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आठवीचं काम १८८४ च्या उन्हाळ्यातच सुरू झालं होतं. १० ऑगस्ट १८८७ ला पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, तयार झाला. चार भाग, मूळ सूर सी मायनर, आठ हॉर्न (त्यातले चार जण आलटून-पालटून वागनर ट्यूबा घेतात), हार्प, आणि सव्वा तासाच्या पुढे जाणारा कालावधी. ४ सप्टेंबरला, स्वतःच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, ब्रुकनरने लेव्हीला हर्षभराने कळवलं की आठवी संपली आणि ही बातमी पहिल्यांदा कलेतल्या पित्यालाच कळली पाहिजे. त्याच महिन्यात स्कोअर म्युनिकला गेला. ब्रुकनर स्वस्थ बसला नाही, लगेच नववी हाती घेतली. तिच्या पहिल्या भागाच्या स्कोअरवर २१ सप्टेंबर १८८७ ही तारीख आहे. ही तारीख लक्षात ठेवा.

समस्या

लेव्हीने स्कोअर वाचला आणि तो हादरला. आवडला नाही एवढंच असतं तर निभावलं असतं; त्याला तो कळलाच नाही. ३० सप्टेंबरला त्याने ब्रुकनरला न लिहिता योझेफ शाल्कला लिहिलं. शाल्क ब्रुकनरचा शिष्य, पियानोवादक, व्हिएन्नाच्या वागनर मंडळातला धडाडीचा कार्यकर्ता. लेव्हीच्या पत्राचा सूर गोंधळलेल्या माणसाचा आहे. पहिल्या भागाची सुरुवात भव्य आहे, पण पुढच्या विस्ताराचं काय करायचं ते उमगत नाही. सातवीशी साम्य फार, जणू तोच साचा पुन्हा वापरलाय. वाद्ययोजना अशक्य वाटते. शेवटचा भाग तर बंद पुस्तक.

त्याच पत्रात एक फार प्रामाणिक कबुली आहे. वाद्यवृंद कुरकुरेल, श्रोते नाराज होतील, याची मला फिकीर नाही, असं तो म्हणतो. सातवीच्या वेळी मी स्वतःच भारावलो होतो, त्यामुळे वादकांना सांगू शकलो की पाचव्या तालमीपर्यंत तुम्हाला हे आवडायला लागेल. या वेळी ते म्हणायची ताकद माझ्यात नाही.

संचालक म्हणून त्याची अडचण खरी होती. नव्वद-शंभर वादकांना अनोळखी, अवघड संगीत शिकवायचं तर शिकवणाऱ्याच्या पोटात त्याबद्दल खात्री लागते. उसनी खात्री पहिल्याच तालमीत वादकांना कळते.

लेव्हीपुढचे पर्याय

लेव्हीची पत्रं आणि त्या काळचा रिवाज पाहता त्याच्यापुढे निदान पाच वाटा होत्या.

आहे तशी वाजवायची, हा पहिला. त्याने तो बाजूला सारला, आणि कारण वर आलंच आहे. अडाजिओ तेवढा वाजवायचा, हा दुसरा. एखाद्या सिंफनीचा एकच भाग कार्यक्रमात ठेवणं तेव्हा कोणाला खटकत नसे, आणि हा अडाजिओ एकटाच पंचवीस मिनिटांच्या वर जातो. ब्रुकनरलाही ते कदाचित चाललं असतं. याचा गंभीर विचार झाल्याचं मात्र दिसत नाही. तिसरी वाट चालढकलीची: यंदा जमत नाही, पुढच्या हंगामात बघू. लेव्ही तसा माणूस नव्हता, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

चौथी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर कोणी पाऊलच टाकलं नाही. बंद दाराआड एक वाचन-तालीम. वाद्यवृंद हाताशी होता, ट्यूबा वाजवणारे होते. सुट्या भागांच्या नकला काढून घ्यायला वेळ आणि पैसा लागला असता हे खरं. पण लेव्हीची मुख्य तक्रार वाद्ययोजनेची होती, आणि वाद्ययोजनेचा निकाल कागदावर लागत नाही. पितळी वाद्यांचे थर एकमेकांना झाकतात की उचलून धरतात, हे चांगल्यातल्या चांगल्या संचालकालाही वाचून अर्धंच कळतं. ब्रुकनर तर ऑर्गनवादक. ऑर्गनवर रजिस्टर (वेगळ्या रंगाच्या स्वरांचे नळीसंच) बदलल्यासारखे तो वाद्यांचे गट पालटतो. असला स्कोअर डोळ्याला खडबडीत दिसतो आणि दालनात वेगळाच ऐकू येतो.

पाचवी वाट सरळ नकाराची. लेव्हीने शेवटी तीच धरली, पण आधी शाल्कला विचारून: हे याला कसं सांगू, त्याला ते झेपेल का?

पहिला निर्णय: मध्यस्थ घालणं

७ ऑक्टोबर १८८७ ला लेव्हीने ब्रुकनरला थेट पत्र लिहिलं. पत्र मायेचं आहे. मला गाढव समजा, चालेल, पण तुमच्याबद्दलच्या माझ्या भावना बदलल्या असं समजू नका, अशा अर्थाची वाक्यं त्यात आहेत. धीर सोडू नका, पुन्हा एकदा काम हातात घ्या, शाल्कशी आणि मित्रांशी बोला, फेरलेखनाने पुष्कळ साधेल, असं त्याने सुचवलं.

दुखरी जागा इथे आहे. लेव्हीने दोष सांगितले, पण ते नेमके कुठे, कोणत्या पानावर, हे सांगितलं नाही. आणि दुरुस्तीचा सल्लागार म्हणून शाल्कचं नाव पुढे केलं. परिणामी ब्रुकनरच्या हाती मोघम निकाल आला आणि त्याचा अर्थ लावायचं काम शिष्यांकडे गेलं. शाल्क बंधूंची, योझेफची आणि संचालक असलेल्या धाकट्या फ्रान्झची, निष्ठा वादातीत होती. पण त्यांचे कान वागनरच्या वाद्यवृंदावर पोसलेले. गुरूचं संगीत लोकांच्या गळी उतरवायचं तर ते थोडं आटोपशीर आणि थोडं वागनरी करावं, अशी त्यांची धारणा होती. पुढे एप्रिल १८९४ मध्ये फ्रान्झने ग्राझमध्ये पाचवी सिंफनी वाजवली ती स्वतःच्या हाताने इतकी बदलून, की मूळ कृतीशी ताडून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. आजारपणामुळे ब्रुकनर त्या प्रयोगाला जाऊच शकला नाही.

१८ ऑक्टोबरला योझेफ शाल्कने लेव्हीला कळवलं की प्राध्यापकांना फार लागलंय, त्यांचं सांत्वन होत नाही.

दुसरा निर्णय: ब्रुकनरने काय करायचं

ब्रुकनरलाही पर्याय होते, आणि ‘बिचारा साधाभोळा ब्रुकनर’ या चित्राच्या नादात ते नजरेआड होतात. व्हिएन्नात संचालक हान्स रिक्टर होता, लाइपझिगला सातवीचा पहिला संचालक निकिश होता. दोघांपैकी एकाकडे स्कोअर पाठवून दुसरं मत घेता आलं असतं. त्याने घेतलं नाही. एका माणसाचा नकार त्याने शेवटचा शब्द मानला, कारण त्या माणसाला त्याने आधीच पित्याच्या जागी बसवलं होतं.

पण नुसती शरणागती होती असंही नाही. २७ फेब्रुवारी १८८८ च्या पत्रात तो लेव्हीला लिहितो की आठवीच्या बाबतीत निदान या वेळी तरी मला लाज वाटायला कारण आहे, मी गाढव, आता ती वेगळीच दिसू लागलीय. चार-साडेचार महिन्यांत त्याला स्वतःला काही दिसलं होतं. हे पत्र वगळून या प्रकरणाचा निवाडा करणारे अर्धाच पुरावा वाचतात.

तिसरा निर्णय: दुरुस्तीचा क्रम

माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला निर्णय हा, आणि याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

नकारानंतर ब्रुकनरने आठवी लगेच उघडली नाही. आधी चौथीची दुरुस्ती पुरी केली. जानेवारी १८८८ मध्ये रिक्टरने ती व्हिएन्नात वाजवली. मग तिसरी काढली, जी १८७९ मध्येच छापून झाली होती आणि जिला हात लावायची लेव्हीची मागणी नव्हती. माहलरने त्याला सांगितलं की जुनी आवृत्ती उत्तम आहे, बदलू नका. ब्रुकनर काही काळ थबकला. मग शाल्क मंडळींनी पुन्हा मन वळवलं आणि १८८८ पासून मार्च १८८९ पर्यंत जवळपास एक वर्ष तिसरीत गेलं. आठवीचं फेरलेखन मार्च १८८९ मध्ये सुरू झालं आणि १० मार्च १८९० ला संपलं. त्यानंतर नववीकडे वळावं, तर त्याने काढली पहिली सिंफनी, लिंझच्या दिवसांतली. ती १८९१ पर्यंत चालली.

हस्तलिखितं पाहिली की या काळातलं त्याचं मन दिसतं. बारच्या (स्वरलिपीतल्या तालाच्या छोट्या मापाच्या) खाली तो आकडे घालत जातो: एक ते आठ, पुन्हा एक ते आठ, कुठे सहा, कुठे दहा. प्रत्येक वाक्खंडाची मापं नियमात बसतात का याची ही तपासणी. स्वरांच्या समांतर चालींत झेख्टरच्या शिकवणीतला कोणता नियम मोडला जातो का, तेही तो शोधत राही. म्युनिकहून आलेल्या एका पत्राने त्याला सगळ्या जुन्या वह्या तपासायला बसवलं.

दुरुस्तीत नेमकं काय बदललं

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण कृती का सुधारली हे एका सूत्रात पकडता येतं: सी मेजर, म्हणजे सी मायनरच्या उलट उजळ वाटणारा सूर, राखून ठेवणं.

सी मायनरमधली सिंफनी शेवटी सी मेजरमध्ये उजळायची, ही बीथोव्हेनच्या पाचवीपासूनची रूढ वाट. १८८७ च्या स्कोअरमध्ये ब्रुकनर तिथे तीनदा पोचतो. पहिला भाग संपत आलेला असतो, सगळं विझत चाललेलं असतं आणि अचानक सी मेजरचा दणदणीत शेवट येतो. अडाजिओचा परमोच्च बिंदूही सी मेजरमध्येच. मग अंतिम भागाच्या शेवटी, जिथे चारही भागांचे विषय एकावर एक रचले जातात, तिथे पुन्हा सी मेजर. तिसऱ्यांदा दिवा लागतो तेव्हा खोलीत आधीच उजेड असतो.

१८९० च्या आवृत्तीत पहिल्या भागाचा तो मोठा शेवट सरळ कापून टाकला आहे. हॉर्न आणि ट्रम्पेट मुख्य विषयाची केवळ लय, एकाच स्वरावर, पुन्हा पुन्हा ठोकतात; ब्रुकनर याला मृत्यूची वर्दी म्हणत असे. ती वर्दी एकदम थांबते. उरतो तंतुवाद्यांतला एक छोटा, खाली घसरणारा तुकडा, प्रत्येक वेळी आणखी दबका. माणूस मरणशय्येवर आहे आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आपलं टिकटिकतंय, असं त्याने या जागेचं वर्णन केलं होतं. त्याच्या क्रमांक दिलेल्या सिंफन्यांत हळू आवाजात संपणारा पहिला भाग हा एकच. अडाजिओचा परमोच्च बिंदू त्याने ई फ्लॅट मेजरमध्ये हलवला, आणि आधी सहा वेळा वाजणाऱ्या झांजा दोनच वेळा ठेवल्या. आता सी मेजर खऱ्या अर्थाने येतो तो एकदाच, शेवटी.

गंमत अशी की लेव्हीची तक्रार ही नव्हतीच. त्याला सलत होतं ते सातवीशी साम्य आणि वाद्ययोजना. वाद्ययोजनेतही बदल झाले: आधी फक्त अंतिम भागात असलेली तीन-तीन लाकडी फुंकवाद्यं आता सगळीकडे आली. स्केर्झोचा (सिंफनीतल्या वेगवान भागाचा) मधला भाग जवळजवळ नव्याने लिहिला गेला आणि त्यात हार्प आले. पहिला भाग ४५३ बारचा ४१७ वर आला, अडाजिओ ३२९ चा २९१ वर, अंतिम भाग ७७१ चा ७०९ वर. पण सगळ्यात मोलाचा बदल नकार देणाऱ्याने सुचवलेला नव्हता. तो ब्रुकनरला पुन्हा वही उघडल्यामुळे सापडला. नकाराचा फायदा झाला असेल तर तो एवढाच, आणि हे ‘एवढाच’ थोडं नाही.

चौथा निर्णय: प्रयोग पदरात पाडून घेणं

नवी आवृत्ती तयार झाली तरी वाजवणार कोण? आता लेव्हीने मानहाइमचा तरुण संचालक फेलिक्स वाइनगार्टनरचं नाव सुचवलं. ब्रुकनरने त्याला २७ जानेवारी १८९१ ला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, आणि वाचताना थोडं वाईटही वाटतं. त्यात तो सिंफनीची गोष्ट सांगतो: पहिल्या भागात मृत्यूची वर्दी, स्केर्झोत जर्मन खेडुताचं प्रतीक असलेला मिखेल, अंतिम भागाच्या सुरुवातीला सम्राटांची भेट, तंतुवाद्यांत कॉसॅक घोडेस्वार, पितळी वाद्यांत लष्करी बँड. मग विनंती करतो की अंतिम भाग खुणा केल्याप्रमाणे खुशाल कापा, नाहीतर फार लांबेल. पूर्ण रूप नंतरच्या काळासाठी आहे, मित्रांच्या आणि जाणकारांच्या वर्तुळासाठी आहे.

या वाक्यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला त्यात व्यवहारी शहाणपण दिसतं. प्रयोगासाठी काप मान्य, पण लिहिलेलं पुसायचं नाही. हा माणूस बाहेरून वाकत होता आणि आत कुठेतरी ठाम होता. पुढे नोव्हेंबर १८९३ च्या मृत्युपत्रात त्याने आपली मूळ हस्तलिखितं व्हिएन्नाच्या दरबारी ग्रंथालयाकडे सोपवली. त्या तरतुदीवरच आजचं सगळं संशोधन उभं आहे.

मानहाइमचा प्रयोग पुढे ढकलला गेला, मग वाइनगार्टनर बर्लिनला गेला आणि बेत बारगळला. दरम्यान सिंफनीचं अर्पण सम्राट फ्रान्झ योझेफने स्वीकारलं होतं आणि छपाईच्या खर्चाला हातभारही लावला होता. १८९२ मध्ये स्कोअर छापून आला. त्यातही शिष्यांचा हात फिरलाच, अंतिम भागातले काही बार गळले.

परिणाम

१८ डिसेंबर १८९२, व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन सभागृह, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद, संचालक हान्स रिक्टर. कार्यक्रमात आठवी एकटीच होती. हान्सलिक अंतिम भागाआधी उठून गेला आणि नंतर लिहिलेल्या लेखात त्याने टोमणा मारला की भविष्यकाळ या शैलीचा असेलही, पण मग त्या भविष्याचा आपल्याला हेवा वाटत नाही. कार्यक्रमपत्रिकेतल्या शाल्कने लिहिलेल्या प्रोमिथियस-छाप विवेचनाचीही त्याने खिल्ली उडवली, आणि त्या बाबतीत मी हान्सलिकच्या बाजूचा आहे. पण सभागृह ब्रुकनरचं होतं. प्रत्येक भागानंतर टाळ्या, गळ्यात पुष्पचक्रं, त्यातलं एक सम्राटाकडून. संगीतकार ह्यूगो वोल्फने मित्राला कळवलं की ही एका महामानवाची निर्मिती आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शहराने तिसरीला पाठ फिरवली, त्याच शहरात हे घडलं.

हा झाला जमेचा भाग. आता खर्च. सप्टेंबर १८८७ मध्ये सुरू झालेली नववी १८९१ पर्यंत बहुतेक बाजूला पडून होती. तिचा पहिला भाग डिसेंबर १८९३ मध्ये पुरा झाला, स्केर्झो फेब्रुवारी १८९४ मध्ये, अडाजिओ ३० नोव्हेंबर १८९४ ला. अंतिम भाग मे १८९५ मध्ये सुरू झाला तेव्हा ब्रुकनर थकला होता, हृदयविकाराने आणि पायांवरच्या सुजेने जेरीस आला होता. ११ ऑक्टोबर १८९६ ला तो गेला. अंतिम भाग अपुरा. मधली चार वर्षं मिळती तर तो पुरा झालाच असता, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तिसरी आणि पहिली सिंफनी पुन्हा लिहिण्यात गेलेला काळ लेव्हीने मागितला नव्हता, हे मात्र तारखांवरून स्पष्ट दिसतं.

काय वेगळं करता आलं असतं

लेव्हीने नकार द्यायलाच नको होता, असं मी म्हणणार नाही. खात्री नसताना वाजवून त्याने सिंफनी पाडली असती. मात्र एक वाचन-तालीम घ्यायला हवी होती, आणि तिला ब्रुकनरला बोलवायला हवं होतं. ज्या स्कोअरची वाद्ययोजना लेव्हीला अशक्य वाटली, तो २ सप्टेंबर १९७३ ला बीबीसीवर हान्स-ह्यूबर्ट श्योन्त्सेलरच्या संचालनाखाली बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्राने पूर्ण वाजवला. तो वाजतो. खडबडीत आहे, काही ठिकाणी आक्रस्ताळाही, पण वाजतो. १९८२ मध्ये एलियाहू इन्बालने फ्रँकफुर्टच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर त्याचं ध्वनिमुद्रणही केलं.

ब्रुकनरच्या बाजूने पाहिलं तर दुसरं मत घेणं आणि दुरुस्ती आठवीपुरती ठेवणं, या दोन गोष्टी त्याच्या हातात होत्या. दुसरी अधिक अवघड होती. आपल्याकडचा गवय्या तीच बंदिश दर मैफलीत नव्याने मांडतो आणि कालची मांडणी हवेत विरते. छापील स्कोअर मात्र वर्षानुवर्षं समोर बसून राहतो, आणि ज्याला शंका घ्यायची सवय आहे त्याला शंका घ्यायला बोलावत राहतो. शिष्यांनी या सवयीला लगाम घालायचा, तर त्यांनी खतपाणी घातलं. योझेफ शाल्कने तिसरीला हात लावू नका एवढं म्हटलं असतं तरी जवळपास एक वर्ष वाचलं असतं. माहलरने म्हटलं होतं, पण तेव्हा तो तिशीच्या आतला होता आणि त्याच्या शब्दाला ब्रुकनरच्या लेखी लेव्हीइतकं वजन नव्हतं.

अजून न मिटलेला भाग

१९३९ मध्ये संपादक रोबर्ट हासने आठवीची नवी आवृत्ती काढली. त्याचं म्हणणं असं की १८९० चे काही काप ब्रुकनरने मनापासून केले नाहीत, मित्रांच्या दबावाखाली केले. म्हणून त्याने १८९० चा स्कोअर पाया धरला आणि अडाजिओ व अंतिम भागातल्या काही गाळलेल्या जागा १८८७ मधून परत आणल्या. म्हणजे ब्रुकनरने कधीच न लिहिलेला तिसराच स्कोअर तयार झाला. युद्धानंतर आलेल्या लेओपोल्ड नोवाकने दोन्ही आवृत्त्या वेगळ्या छापल्या: १८९० ची १९५५ मध्ये, १८८७ ची १९७२ मध्ये.

शास्त्र म्हणून नोवाक बरोबर आहे. कोणता काप कोणाच्या सांगण्यावरून झाला, हे हासला सिद्ध करता आलं नाही. पण अडाजिओमधला, परमोच्च बिंदूच्या थोडा आधीचा, हासने परत आणलेला तो शांत तुकडा ऐकला की शास्त्राशी भांडावंसं वाटतं; त्याच्याशिवाय तिथली चढण घाईची होते. संचालकांपैकी कारायान आणि ग्युंटर वांड हासच्या बाजूने राहिले, ऑइगेन योखुम आणि कार्लो मारिया ज्युलिनी नोवाकच्या. मी अभ्यासाला नोवाकचा स्कोअर उघडतो आणि ऐकायला वांड लावतो.